वाटेची रुजुवात

महाराष्ट्राच्या वायव्य सीमेवरील नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी आधारचे पहिले क्रमांक दिले गेले. आणि सातपुड्याच्या परिसरातील त्या वस्तीचा, शेकडो कोस दूर असलेल्या बंगळूर शहराशी असा एक संबंध जडला, की ज्याचा विचार ना त्या गावच्या रहिवाशाला करावा लागतो, ना बंगळूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूला. बोटांचे ठसे, बुबुळांच्या प्रतिमा, नाव, गाव आणि जन्मसाल अशी ही शंभर कोटींहून अधिक माणसांची नोंद आज बंगळूर आणि हरियाणातील मानेसर येथील माहिती-केंद्रांत साठवलेली आहे. स्वस्त धान्य दुकानातील ई-पॉस यंत्रावर कोणी अंगठा टेकवला, की त्या अंगठ्याची ओळख पटवून देण्याची विनंती दुकानातून निघते, तारा, मनोरे आणि मध्यस्थ यंत्रे ओलांडीत केंद्रापर्यंत पोहोचते आणि 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर घेऊन परत येते. उत्तर वेळेत आले तर धान्य मोजले जाते. न आले तर दुकानदार 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे सांगतो, आणि रोजंदारी बुडवून आलेल्या बाईला दुसऱ्या दिवसाची रोजंदारीही बुडवावी लागते. असा विलंब कोठे आणि का झाला, याची कारणे शंभर असू शकतील. परंतु बँक असो, रुग्णालय असो, रेल्वे असो वा सरकारी खाते असो, साठवलेल्या माहितीकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीचा शेवटचा टप्पा म्हणजे कोठल्या ना कोठल्या साठवण यंत्रणेच्या पाठीमागे असलेले, करंगळीच्या रुंदीचे एक धातूचे तोंड होय. त्याला पोर्ट म्हणतात. ते पोर्ट नीट लावावे कसे, आणि लावल्यानंतर त्याची खातरजमा करावी कशी, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. साठवण यंत्रणा विकत घेताना संस्थांचे चालक डिस्क किती, त्यांची क्षमता किती, एखादी डिस्क निकामी झाली तर माहिती शाबूत राहील काय, याची बारकाईने चौकशी करतात, आणि ती करणे योग्यच आहे. परंतु त्या माहितीपर्यंत पोहोचण्याच्या वाटांची चौकशी मात्र 'केबल लावली, दिवा लागला' एवढ्यावर संपते. जतन करणे आणि उपलब्ध असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राच्या अभ्यासकांना तरी कोणी नव्याने सांगावयास नको. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल इंग्रजी अमलात बांधून, रचून, बंदोबस्ताने ठेवलेले होते. इनाम कमिशनच्या कामासाठी सरकारने त्यांचा उपयोगही करून घेतला. तथापि ज्या इतिहाससंशोधकांना त्यांची खरी गरज होती त्यांना पिढ्यानुपिढ्या त्या दप्तराचे दार मोकळेपणाने उघडले नाही, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले तेव्हा कोठे त्या संग्रहाचा काही अंश लोकांच्या हाती आला. मधल्या काळात कागद नष्ट झाले नव्हते. ते जागच्या जागी सुरक्षित होते. आणि तरीही मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच होते. माहिती-केंद्रातील डिस्क जेव्हा पूर्णपणे निरोगी असतात आणि पोर्ट मात्र मुके झालेले असते, तेव्हा नेमकी हीच अवस्था काही मिनिटांपुरती किंवा काही तासांपुरती उत्पन्न होते. आणि रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मागील तपासण्यांचे चित्र मागणाऱ्या डॉक्टरला ते तास फार मोठे असतात.

हे पुस्तक बंगळुरात लिहिले गेले याला कारण आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव गेल्या चाळीस वर्षांत साऱ्या जगाचे दप्तर सांभाळणारे गाव बनले. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली येथे आली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने येथे आपले केंद्र उघडले आणि परदेशाशी थेट उपग्रहसंपर्क जोडला, ज्याची सामग्री बैलगाडीतून वाहून नेल्याची हकीकत येथील जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहे. भारतीय विज्ञान संस्था ही अर्नेट या देशातील पहिल्या शैक्षणिक संगणक-जाळ्याच्या मूळ घटकसंस्थांपैकी एक होती. आणि १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ही सरकारी संस्था स्थापन झाल्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीतून उपग्रहमार्गे काम परदेशी पाठवण्याची सोय लहान उद्योगांनाही झाली. सर्वसामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सांगण्याचे तात्पर्य इतकेच की या शहराच्या अभ्युदयाला इमारतींपूर्वी वाटा कारण झाल्या. आज व्हाइटफील्डला साठवण यंत्रणा बनवणाऱ्या नेटअ‍ॅपचे विस्तीर्ण आवार आहे, डेल, आय.बी.एम., एच.पी.ई. यांचे साठवण यंत्रणांवर काम करणारे अभियंते याच शहरात आहेत, आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील यंत्रणेचे पोर्ट बोलेनासे झाले, की त्याची तक्रार पुष्कळदा बाह्य वर्तुळ मार्गावरील एखाद्या इमारतीत रात्रपाळीला बसलेल्या तरुणाच्या पुढ्यात येऊन पडते. तो तरुण किंवा ती तरुणी पुष्कळदा राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने मिरजेहून वा बेळगावहून, अथवा उद्यान एक्सप्रेसने सोलापूरहून आलेली असते. पुस्तक प्रथमतः त्यांच्यासाठी आहे.

आता यंत्राकडे वळू. साठवण यंत्रणेच्या मागील बाजूस उभे राहिले म्हणजे एकावर एक किंवा शेजारी शेजारी बसवलेले दोन नियंत्रक दिसतात. एक बंद पडल्यास दुसऱ्याने त्याचा कारभार हाती घ्यावा, या तजविजीने ते जोडीने बसवलेले असतात. प्रत्येक नियंत्रकावर निरनिराळ्या कामांची पोर्टे असतात. एक केवळ व्यवस्थापनाचे, ज्यातून कारभारी आज्ञा देतो. नेटअ‍ॅपच्या यंत्रांवर त्याच्याजवळ पान्ह्याचे चिन्ह असते आणि नाव 'ई-शून्य-एम' असे असते. काही पोर्टे नियंत्रकांच्या आपसांतील बोलण्यासाठी, ज्यांना बाहेरच्या जगाशी कर्तव्य नाही. उरलेली माहितीच्या वाहतुकीसाठी. त्यांत इथरनेटची असतात आणि फायबर चॅनेलचीही असतात. इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात २२ मे १९७३ च्या एका टिपणात मांडली, आणि १९८३ साली तिचे प्रमाणीकरण झाले. एका जाड तारेवर सर्वांनी पाळीपाळीने बोलावे अशी मूळ रचना होती. आजच्या १० किंवा १०० गिगाबिटच्या पोर्टाचे त्या मूळ तारेशी बाह्यतः काहीच साम्य उरलेले नाही, परंतु चौकटीत बांधून, पुढे पत्ता व मागे ३२ बिटांची तपासणी-बेरीज लावून माहिती धाडण्याची रीत तीच आहे. आणि पोर्टाची परीक्षा करणाऱ्याला ही रीत ठाऊक असेल तर बाकीचे सर्व काही तर्काने उलगडते.

पोर्टाशेजारी एक बारीक दिवा असतो. तो हिरवा झाला म्हणजे समोरच्या टोकाला कोणीतरी आहे आणि त्याचा विद्युत् किंवा प्रकाशसंदेश येथवर पोहोचतो आहे, इतके सिद्ध होते. समोर कोण आहे, त्याची भाषा आपल्याशी किती जुळते, आपण सांगितलेली संपूर्ण गोष्ट त्याच्यापर्यंत जाते की तुटक जाते, आणि त्याच्या पलीकडे जाण्याची आपल्याला मुभा आहे की नाही, यांपैकी कशाचाही निर्वाळा तो दिवा देत नाही. माझ्या पाहण्यात जे दीर्घ आणि क्लेशकारक बिघाड आले, त्यांतील बहुतेकांत सर्व दिवे हिरवे होते.

पहिले उदाहरण जुने आहे, परंतु व्यवस्थापनाच्या पोर्टांवर अजूनही आढळते. तांब्याच्या तारेवरील दोन पोर्टे जोडली गेली की वेग किती ठेवावा आणि दोघांनी एकाच वेळी बोलावे की पाळीपाळीने, हे ती आपसांत ठरवतात. ही वाटाघाट १९९५ च्या प्रमाणात समाविष्ट झाली. एखाद्या दक्ष कारभाऱ्याने स्विचच्या, म्हणजे तारा एकमेकींशी जोडणाऱ्या मधल्या यंत्राच्या, बाजूला वेग १०० मेगाबिट आणि दुतर्फा बोलणे असे हुकमाने पक्के करून टाकले, आणि यंत्रणेचे पोर्ट मात्र वाटाघाटीवरच ठेवले, तर वाटाघाट करणाऱ्याला समोरून उत्तर येत नाही. ते वेग तेवढा ओळखते आणि बोलण्याच्या पद्धतीविषयी नियमाप्रमाणे कनिष्ठ पर्याय, म्हणजे पाळीपाळीचा, स्वीकारते. आता एक बाजू केव्हाही बोलते आणि दुसरी आपली पाळी पाहते. दिवा हिरवा असतो, पिंग या तपासणीच्या साधनाला उत्तर येते, लॉगिन होते. पण मोठी फाइल पाठवावयास घेतली की वेग गोगलगायीचा होतो आणि पोर्टाच्या खात्यात उशिरा झालेल्या टकरींची आणि चुकलेल्या बेरजांची संख्या वाढू लागते. दोन्ही बाजू वाटाघाटीवर ठेवाव्यात, किंवा दोन्ही बाजू सारख्याच पक्क्या कराव्यात, हा साधा शिरस्ता पाळला तर हे घडत नाही. १० गिगाबिटच्या प्रमाणात पाळीपाळीने बोलणेच वगळले गेले, त्यामुळे वेगवान पोर्टे या दोषापासून मुक्त आहेत. ती दुसऱ्या एका दोषाला बळी पडतात, आणि तो अधिक फसवा आहे.

इथरनेटच्या एका चौकटीत सामान्यतः १५०० बाइट माहिती मावते. साठवणीच्या वाहतुकीत मोठमोठे गठ्ठे जात असल्यामुळे ही मर्यादा ९००० पर्यंत वाढवण्याची प्रथा आहे, आणि ती हितावहही आहे, कारण मोठ्या चौकटींमुळे नियंत्रकाला थोड्या वेळा हात घालावा लागतो. परंतु ही मर्यादा यंत्रणेवर वाढवून, सर्व्हरवर वाढवून, मधल्या एका स्विचवर वाढवावयाची राहिली, तर जे घडते ते प्रत्येक अभ्यासकाने एकदा तरी डोळ्यांनी पाहावे असे आहे. जाळ्यावरून वापरावयाचा एन.एफ.एस.चा संग्रह सर्व्हरवर जोडला जातो. त्यातील लहानशी यादी दिसते. दोन्ही टोके परस्परांना 'मी ९००० पर्यंत स्वीकारतो' असे खरेपणाने सांगतात. मग कोणी मोठी फाइल उघडतो, पहिली भरलेली चौकट निघते, मधला स्विच ती आपल्या मापाबाहेरची म्हणून टाकून देतो, आणि टाकून दिल्याचे कोणालाही कळवीत नाही, कारण त्या थरावर कळवण्याची व्यवस्थाच नाही. पाठवणारा वाट पाहतो, पुन्हा पाठवतो, पुन्हा वाट पाहतो. पडद्यावर काहीच होत नाही. चूक दाखवणारी एक ओळही उमटत नाही.

या दोषाची परीक्षा मात्र एका ओळीची आहे. पिंग हे साधन माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले, आणि चाळीस वर्षांनंतरही त्याच्या जोडीचे दुसरे झाले नाही. त्याला दोन गोष्टी सांगावयाच्या: पोटात ८९७२ बाइट भर, आणि वाटेत तुकडे करू देऊ नकोस. हा ८९७२ चा आकडा येतो तो असा, की ९००० मधून आय.पी.च्या शीर्षाचे २० आणि पिंगच्या शीर्षाचे ८ बाइट वजा जातात. तुकडे न करण्याची अट विसरली तर परीक्षा व्यर्थ होते, कारण आपल्याच टोकाची मर्यादा १५०० राहून गेली असल्यास यंत्र मुकाट्याने तुकडे करते, ते सुखरूप पोहोचतात, उत्तर येते, आणि आपण समाधानाने घरी जातो. अट घातली, ८९७२ ला उत्तर आले नाही आणि १४७२ ला आले, की वाटेत कोठेतरी एक दार अरुंद आहे एवढे निःसंशय सिद्ध होते. पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात ही परीक्षा प्रत्येक जोडीमध्ये आणि दोन्ही दिशांनी करण्याविषयी जो आग्रह धरला आहे, तो काही वाचकांना कंटाळवाणा वाटेल. मला तो पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

दोन पोर्टे एकत्र बांधून एक वाट करण्याच्या प्रकाराबद्दल येथे थोडेच लिहितो. २००० साली प्रमाण झालेल्या पद्धतीने बांधलेल्या अशा गटात दोन्ही टोके परस्परांना नियमित संदेश पाठवून आपण हयात असल्याची वर्दी देतात. ही वर्दी दर सेकंदाला द्यावी की ३० सेकंदांनी, हे कारभाऱ्याने ठरवावयाचे असते, आणि तीन वर्द्या चुकल्यावरच तार मेली असे मानले जात असल्यामुळे निर्णयाला ३ सेकंद लागतात किंवा ९० लागतात. हा फरक कागदावर क्षुल्लक आणि प्रत्यक्षात प्रचंड आहे. दुसरे असे, की १० गिगाबिटच्या दोन तारा बांधल्या म्हणून एका सर्व्हरच्या एका संभाषणाला २० मिळत नाहीत. पत्त्यांच्या गणितावरून प्रत्येक संभाषण एकाच तारेवर नेमून दिले जाते, आणि लाभ मिळतो तो अनेक संभाषणांना मिळून. म्हणून अशा गटाची मोजणी आयपर्फसारख्या साधनाने अनेक सर्व्हरांवरून एकाच वेळी करावी. १५०० च्या चौकटीने एका १० गिगाबिटच्या तारेवर ९.४ च्या आसपास आकडा आला तर तार पूर्ण काम देत आहे असे समजावे; उरलेला अंश शीर्षांत आणि चौकटींमधल्या अंतरात खर्च होतो.

आता या पुस्तकाच्या गाभ्याविषयी. साठवण यंत्रणेला दुसरी वाट ठेवलेली असते ती पहिली तुटेल त्या दिवसासाठी. आणि विहिरीवर टांगून ठेवलेला दुसरा दोर कुजला आहे की नाही हे जसे पहिला तुटेपर्यंत कळत नाही, तसे या दुसऱ्या वाटेचेही होते, कारण रोजच्या व्यवहारात तिच्यावरून कोणी जात नाही. यंत्रणेचा पत्ता एका पोर्टावर नांदत असतो. ते पोर्ट मेले की यंत्रणा तो पत्ता शेजारच्या पोर्टावर, किंवा जोडीदार नियंत्रकाच्या पोर्टावर हलवते आणि नव्या ठिकाणाची द्वाही जाळ्यात फिरवते. यंत्रणेच्या बाजूने ही क्रिया निर्दोष असते. परंतु ज्या आभासी जाळ्यात तो पत्ता राहतो, ज्याला व्हीलॅन म्हणतात आणि ज्याचे क्रमांक १ ते ४०९४ असतात, त्या क्रमांकाला स्विचवरील त्या दुसऱ्या पोर्टातून जाण्याचा परवाना दिलेला असावा लागतो. हा परवाना देणारा विभाग बहुधा निराळा, त्याचे कारभारी निराळे, आणि त्यांना पाठवलेल्या विनंतीपत्रात आठ पोर्टांऐवजी सात लिहिली गेलेली असू शकतात.

असा एक प्रसंग, संस्थेचे नाव न घेता, सांगण्याजोगा आहे. रात्री बाराच्या पुढे कामाची मुदत मिळालेली होती. यंत्रांच्या दालनात पंख्यांच्या आवाजामुळे कानाशी तोंड नेऊन बोलावे लागत होते. यंत्रणा नवी होती, सकाळी तिच्यावर माहिती चढवावयाची होती. धाकटा सहकारी मांडणीच्या मागे उभा होता.

"सर, लिंक अप आहे. चारही हिरवे आहेत."

"छान. आता नेबर बघ. स्विच काय नाव सांगतोय?"

"पहिल्या तिघांना बरोबर आहे सर. चौथ्याला स्विच बरोबर आहे, पोर्ट वेगळा दाखवतोय. लेबलवर अठरा आहे, इथे एकोणीस येतोय."

"लेबलवर विसंबू नकोस. एकोणीस लिहून घे. आता पहिल्याची केबल काढ."

"काढू? सगळं चालू आहे सर."

"चालू आहे म्हणूनच काढ. सकाळी माहिती चढली की काढता येणार नाही."

त्याने एल.सी. जोडाची चिमटी दाबून समुद्री रंगाची प्रकाशतंतूची केबल बाहेर ओढली, टोकावर धूळ बसू नये म्हणून लगेच टोपण घातले, आणि पत्ता अपेक्षेप्रमाणे चौथ्या पोर्टावर गेला. चौथा दिवा हिरवाच होता. पिंग थांबले ते थांबलेच. स्विचच्या एकोणिसाव्या पोर्टावर त्या व्हीलॅनला परवाना नव्हता. तो अठराव्यावर होता, जेथे केबल लागलेलीच नव्हती. केबल हलवण्याला आणि पुन्हा चारही केबली आळीपाळीने ओढून पाहण्याला जो वेळ लागला तो त्या रात्रीच्या मुदतीत आरामात बसला. हाच दोष पुढे भर दिवसा, पहिली तार खरोखर तुटल्यावर उघडकीस आला असता, तर शोधणाऱ्यासमोर उरलेले तीन हिरवे दिवे, निरोगी डिस्क, यशस्वी स्थलांतराची नोंद आणि संपूर्ण शांत झालेली यंत्रणा एवढेच असते.

वर 'नेबर' म्हणून जो उल्लेख आला त्यामागे २००५ साली प्रमाण झालेली एल.एल.डी.पी. ही पद्धत आहे, जिच्यामुळे स्विच स्वतःचे नाव आणि पोर्टाचा क्रमांक शेजाऱ्याला आपणहून सांगतो. लेबल माणसाने चिकटवलेले असते आणि केबल पुढे कोणीतरी हलवलेली असते. स्विच मात्र या बाबतीत या क्षणीची हकीकत सांगतो. नेटअ‍ॅपच्या ऑनटॅप प्रणालीत ९.८ या आवृत्तीपासून, कोणते पोर्ट कोणत्या जाळ्यापर्यंत खरोखर पोहोचते हे यंत्रणा स्वतःच पडताळून पाहते, आणि वर सांगितलेला दोष केबल न ओढताही बराचसा दिसून येतो. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तरीही केबल ओढण्याची परीक्षा सोडून द्यावी असे मला वाटत नाही, कारण तीत पोर्टाबरोबर इतर अनेक गोष्टींची परीक्षा होते. उदाहरणार्थ, जुन्या पद्धतीच्या स्विचवर नव्याने जाग्या झालेल्या पोर्टाला फेरा तर होत नाही ना हे पाहण्यासाठी १५ सेकंद ऐकत आणि १५ सेकंद शिकत थांबवले जाते; लिनक्समध्ये एस.सी.एस.आय. डिस्कला दिलेल्या आज्ञेची मूळ मुदतही ३० सेकंदांचीच असते. आणि एकाची प्रतीक्षा व दुसऱ्याचा धीर एकाच वेळी संपले म्हणजे केबल परत लावल्यावर, सर्व काही सुधारल्यावर, सर्व्हर कोसळतो. टोकाच्या पोर्टांना ही प्रतीक्षा माफ करण्याची सोय स्विचवर असते. ती चालू आहे की नाही, हे ओढलेली केबल परत लावून घड्याळ पाहिल्याने ताबडतोब कळते.

फायबर चॅनेलचे प्रकरण मुद्दाम आखूड ठेवले आहे. तेथे प्रत्येक पोर्टाला ८ बाइटांचे जगात एकमेव असे नाव असते, आणि कोणी कोणाला पाहावे याची मुभा स्विचवर झोन आखून दिलेली असते. त्यामुळे तपासाचा मुख्य भाग म्हणजे यंत्रणेवरची नावे आणि झोनमधली नावे यांची अक्षरन् अक्षर रुजुवात घालणे, आणि पोहोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता मोजणे. प्रकाशतंतूच्या टोकावरील अदृश्य धूळ हे तीव्रता घटण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे, हे इथरनेटलाही तितकेच लागू आहे. टोक पुसल्याशिवाय लावू नये, आणि पुसलेले टोक बोटाने चाचपून पाहू नये.

शेवटच्या प्रकरणातील तक्त्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पोर्टाची परीक्षा केली आणि तिची नोंद ठेवली नाही, तर सहा महिन्यांनी उद्भवलेल्या बिघाडाच्या वेळी ती परीक्षा न केल्यासारखीच होते. चुकलेल्या बेरजांची संख्या आज ४१२ दिसते आहे. पण यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी ती शून्य होती की ४१२ होती? पहिली असेल तर तार बिघडत चालली आहे; दुसरी असेल तर बसवताना कोणीतरी केबल हलवली होती आणि त्यानंतर सर्व ठीक आहे. म्हणून परीक्षेच्या दिवशी प्रत्येक पोर्टाचे सर्व आकडे तारीख-वेळेसह उतरवून घ्यावेत, शेजाऱ्याचे नाव व पोर्ट लिहावे, मर्यादा, व्हीलॅन, गटाची वर्दी, केबल ओढल्यावर पत्ता कोठे गेला आणि मध्ये किती सेकंद शांतता होती, हे सर्व नोंदवून यंत्रणेचा कारभारी आणि स्विचचा कारभारी या दोघांच्या सह्या घ्याव्यात. दुसऱ्या सहीचा आग्रह मी विशेषेकरून धरतो. बहुतेक दोष या दोन खात्यांच्या हद्दीवर जन्मतात, आणि एका कागदावर दोघांना सही करावी लागली की निदान एकदा तरी ते एकमेकांच्या पडद्याकडे पाहतात.

पुस्तकाच्या मांडणीसंबंधी आता फार सांगण्याचे उरलेले नाही. पहिली दोन प्रकरणे ज्यांना इथरनेटची मूलतत्त्वे ठाऊक आहेत त्यांनी वगळली तरी चालेल. तिसरे ते सहावे क्रमाने वाचावे, आणि शक्य असेल तर हाताशी दोन जुने सर्व्हर व एक लहान स्विच घेऊन वाचावे, कारण मर्यादेचा आणि परवान्याचा दोष स्वतः मुद्दाम उत्पन्न करून पाहिल्याखेरीज त्याची लक्षणे मनात ठसत नाहीत. आज्ञा ज्या दिल्या आहेत त्या ऑनटॅपच्या आणि लिनक्सच्या आहेत. इतर उत्पादकांच्या यंत्रणांत आज्ञांचे शब्द बदलतात, परीक्षांचा क्रम बदलत नाही. उदाहरणांतील सर्व आय.पी. पत्ते १९२.०.२.० ने सुरू होणाऱ्या, केवळ लेखनातील नमुन्यांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातून घेतले आहेत, जेणेकरून रात्रपाळीत पुस्तकातली ओळ जशीच्या तशी टंकली गेली तरी ती कोणाच्या चालत्या यंत्रणेपर्यंत पोहोचू नये. वाचकांनी तेथे आपल्या जाळ्याचे पत्ते घालावेत, आणि व्हीलॅनचे क्रमांक घालण्यापूर्वी स्विचच्या कारभाऱ्याकडून ते लेखी मागवून घ्यावेत.